स्टेटने केस सोडली म्हणून पेढे वाटू नका

आधी प्रश्न थोडक्यात. न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास राहणारं एक मराठी जोडपं. त्यांचा सव्वीस वर्षांचा भाचा दीड वर्ष त्यांच्या बेसमेंटमध्ये राहत होता, ग्रीन कार्डवर. पहाटे सहाला वॉरंट घेऊन पोलीस आले. बेसमेंटमध्ये दोनशे ग्रॅमच्या आसपास कोकेन, निळ्या गोळ्यांची पिशवी, छोटा वजनकाटा, रोख रक्कम आणि एक पिस्तूल सापडलं. अटक टाउनच्या आणि काउंटीच्या पोलिसांनी केली, पण एकाच्या जॅकेटवर ‘डीईए’ (फेडरल सरकारचं अमली पदार्थविरोधी खातं) लिहिलेलं मामींनी पाहिलं. मामांनी विचारलंय: केस स्टेटची, म्हणजे राज्य सरकारची, होणार की फेडरल, म्हणजे केंद्राची? दोघंही लावू शकतात का? घर जप्त होईल का? आम्ही जाऊन पोलिसांना सगळं खरं सांगून टाकावं का? आणि शेवटी, जरा संकोचानेच: आजी आजारी आहे, भाचा भारतात जाऊन येऊ शकेल का?

मी या राज्यात बावीस वर्षं क्रिमिनल डिफेन्स करतो, त्यातली पहिली सहा पब्लिक डिफेंडरच्या (गरीब आरोपींना सरकारतर्फे मिळणाऱ्या वकिलांच्या) ऑफिसात. खाली लिहितोय ते सर्वसाधारण आहे. कागद बघितल्याशिवाय कुठलाही वकील याहून जास्त सांगू शकत नाही, आणि सांगत असेल तर त्याच्यापासून लांब राहा.

मामींनी पाहिलेलं ते जॅकेट हा तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा तपशील आहे. काही वर्षांपूर्वी एका वडिलांचा मला आनंदाने फोन आला होता. मुलावरचे सगळे स्टेट चार्जेस डिसमिस झाले, आता तुमची गरज नाही, देव पावला. मी म्हटलं, तो कागद मला फोटो काढून पाठवा. कागदावर डिसमिसलचं कारण एका ओळीत होतं: फेडरल खटल्यासाठी. काउंटीच्या तुरुंगाच्या दारातून मुलगा बाहेर पडलाच नाही, मार्शल्सनी, म्हणजे फेडरल कोर्टाच्या पोलिसांनी, तिथूनच त्याला ताब्यात घेऊन नेवार्कच्या फेडरल कोर्टात उभं केलं. घरी पेढ्यांचा बॉक्स आलेला होता.

आपल्या लोकांची यात फसगत होते, कारण डोक्यात भारतातली रचना असते. तिकडे अमली पदार्थांसाठी १९८५चा एनडीपीएस हा एकच कायदा. मुंबई पोलिसांनी पकडलं काय किंवा एनसीबीने पकडलं काय, कलमं तीच, आणि एकदा निकाल लागला की त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला नाही. इथे दोन वेगळी सरकारं आहेत, दोघांचे स्वतंत्र कायदे, स्वतंत्र वकील, स्वतंत्र कोर्टं, स्वतंत्र तुरुंग. एकाच पुडीने दोन्ही कायदे मोडले जातात. दोन सरकारांचे दोन गुन्हे, म्हणून दोन्हीकडे खटला चालला तरी घटनेतल्या ‘एका गुन्ह्यासाठी दोनदा खटला नाही’ या कलमाचा भंग होत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१९ साली गॅम्बल खटल्यात सात विरुद्ध दोन मतांनी पुन्हा पक्कं केलं. मला स्वतःला तो निकाल पटत नाही, पण माझ्या पटण्याला कोर्टात किंमत शून्य.

व्यवहारात मात्र दोन्हीकडे पूर्ण खटला चालणं विरळाच. फेडरल आधी झालं तर न्यू जर्सीचा स्वतःचाच कायदा स्टेटला त्याच कृत्यावर पुन्हा खटला भरण्यापासून बऱ्याचदा अडवतो. उलट दिशेने मात्र तसं कुंपण नाही. स्टेटमध्ये प्ली करून, म्हणजे तडजोडीने गुन्हा कबूल करून, झाल्यावर फेडरलवाले आले तर आड येतं ते फक्त न्याय खात्याचं अंतर्गत धोरण, ज्याला पेटिट पॉलिसी म्हणतात. ते त्यांचं त्यांच्यासाठी आहे, आरोपीला त्यावर बोट ठेवून कोर्टात काही मागता येत नाही. म्हणून टास्क फोर्सचा, म्हणजे स्थानिक आणि फेडरल पोलिसांच्या संयुक्त पथकाचा, वास असलेल्या केसमध्ये स्टेटची चांगली ऑफर आली की मी लगेच उडी मारू देत नाही. आधी यू.एस. अॅटर्नीच्या, म्हणजे फेडरल सरकारी वकिलाच्या, ऑफिसला विचारतो, तुमचा याच्यात रस आहे का? उत्तर नेहमी मिळतंच असं नाही, पण न मिळणं हेही एक उत्तर असतं.

‘अहो पण सगळं एका घराच्या बेसमेंटमध्ये झालं, राज्याची हद्द कुठे ओलांडली?’ हा प्रश्न तुमच्या मनात असणारच. ओलांडावी लागत नाही. कॅलिफोर्नियातल्या एका बाईंनी स्वतःच्या आजारासाठी घरी गांजाची सहा झाडं लावली होती, राज्याच्या कायद्याने ती चालत होती, तरी डीईएने ती उपटली. २००५ साली रेच खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं, काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, तो अधिकार आहे, कारण घरगुती मालाचाही देशभरच्या बाजारावर परिणाम होतो. सहा झाडांना फेडरल कायदा पुरतो तर वजनकाटा आणि रोकड असलेल्या बेसमेंटला न पुरायला काय झालं?

मग ठरवतं कोण? काउंटी प्रॉसिक्यूटर, म्हणजे स्टेटचा सरकारी वकील, आणि यू.एस. अॅटर्नीचं ऑफिस, आपसात. तुमचा वकील नाही, जज नाही. ड्रगच्या बहुतेक केसेस स्टेटमध्येच राहतात. फेडरलवाले निवडून घेतात, आणि मी पाहिलंय त्यावरून त्यांना चार गोष्टी ओढतात: पिस्तूल, फेंटानिल (अगदी थोड्या प्रमाणातही जीव घेणारं अमली द्रव्य), गोळी खाऊन कोणी दगावलेलं असणं, आणि फोनमध्ये दुसऱ्या राज्यातल्या पुरवठादाराचा धागा. कधीकधी तर त्यांना तुमचा भाचा नकोच असतो, भाच्याच्या वरचा माणूस हवा असतो. टाउनचा पोलीस अधिकारीच अनेकदा टास्क फोर्समध्ये डेप्युटाइज झालेला असतो, म्हणजे सकाळी टाउनचा बॅज आणि दुपारी फेडरल. त्यामुळे ‘अटक कोणी केली’ यावरून काही ठरत नाही.

आता शिक्षेचं गणित. ‘फेडरल म्हणजे जास्त शिक्षा’ असं सगळे म्हणतात, आणि ते अर्धंच खरं आहे. तुमच्या केसमधलं नुसतं कोकेन घ्या. न्यू जर्सीत पाच औंसांवर, म्हणजे साधारण १४२ ग्रॅमवर, विक्रीसाठी बाळगलेलं कोकेन फर्स्ट डिग्री, म्हणजे सगळ्यात गंभीर वर्गातला गुन्हा, होतं: दहा ते वीस वर्षं, आणि त्यातला तिसरा ते अर्धा हिस्सा पॅरोलशिवाय. फेडरलमध्ये पाच वर्षांची सक्तीची किमान शिक्षा लागायला ५०० ग्रॅम लागतात, दहा वर्षांची लागायला पाच किलो. दोनशे ग्रॅमवर शून्य ते वीस वर्षं, सक्तीचं किमान काही नाही, आणि पहिलाच गुन्हा असेल तर गाइडलाइन, म्हणजे जजला शिक्षा सुचवणारा फेडरल तक्ता, तीनेक वर्षांच्या आसपास येते. म्हणजे नुसतं कोकेन असतं तर फेडरलमध्ये जाणं भाच्याला कदाचित परवडलं असतं!

पण निळ्या गोळ्या आहेत, आणि इथे चित्र पालटतं. त्या बाहेरून ऑक्सिकोडोन या वेदनाशामक औषधासारख्या दिसतात, आत बहुतेक वेळा फेंटानिल निघतं. कायदा शुद्ध फेंटानिल मोजत नाही, ते ज्यात मिसळलंय त्या मिश्रणाचं सगळं वजन मोजतो. गोळीत विष दोन मिलिग्रॅम असो वा अर्धा, काट्यावर अख्खी गोळी चढते, म्हणजे साधारण ०.११ ग्रॅम. फेडरलमध्ये ४० ग्रॅमला पाच वर्षं सक्तीची, ४०० ग्रॅमला दहा. करा हिशेब: चारशे गोळ्या म्हणजे ४४ ग्रॅम. एक बऱ्यापैकी भरलेली झिपलॉक पिशवी, आणि पाच वर्षं जजच्याही हाताबाहेर. त्या गोळीने कोणी मेलं हे सिद्ध झालं तर किमान वीस. म्हणून पिशवीत किती गोळ्या होत्या आणि लॅबचा रिपोर्ट काय म्हणतो, याआधी मी कुणालाही आकडा सांगत नाही.

आणि पिस्तूल. ड्रगच्या धंद्याला आधार म्हणून ते ठेवलं होतं असं ठरलं तर फेडरलमध्ये वेगळी पाच वर्षं, आणि ती आधीच्या शिक्षेवर चढतात, सोबत भोगता येत नाहीत. पहिल्यांदाच अडकलेल्या, हिंसा न केलेल्या माणसासाठी ‘सेफ्टी व्हॉल्व्ह’ नावाची वाट आहे, जिने जज सक्तीच्या किमान शिक्षेखाली जाऊ शकतो. गुन्ह्याशी जोडलेलं हत्यार सापडलं की ती वाटही बंद. चारशे गोळ्या अधिक पिस्तूल म्हणजे किमान दहा वर्षं झाली, भाच्याचं रेकॉर्ड कितीही स्वच्छ असो. फेडरलमध्ये पॅरोल १९८७च्या नोव्हेंबरपासून नाही. चांगल्या वर्तणुकीचे वर्षाला ५४ दिवस सुटतात, बाकी भोगायचे. २०१८च्या फर्स्ट स्टेप कायद्याने शिकून-सवरून मिळवायची जादा क्रेडिट्स दिली, पण पिस्तुलाचं ते कलम लागलेल्याला ती मिळत नाहीत. स्टेटमध्येही ड्रग अधिक पिस्तूल असं वेगळं सेकंड डिग्री कलम आहे, तेही वरून चढतं, पण वाटाघाटीला तिथे जागा जास्त.

घरातून विकलं याला फेडरल कायद्यात वेगळं नाव आहे. १९८६ साली काँग्रेसने ‘क्रॅक हाउस’ (कोकेनच्या नशेचे अड्डे) डोळ्यांसमोर ठेवून केलेलं कलम: ड्रगच्या कामासाठी जागा चालवणं किंवा जाणूनबुजून उपलब्ध करून देणं, वीस वर्षांपर्यंत. ते कलम लावलं नाही तरी गाइडलाइनमध्ये जागेपायी दोन पायऱ्या वाढतात. शिवाय शाळा किंवा खेळाचं मैदान हजार फुटांच्या आत असेल तर कमाल शिक्षा दुप्पट. आपल्या टाउन्समध्ये हजार फुटांच्या आत शाळा नाही असं घर शोधावं लागतं. न्यू जर्सीच्या शाळा-क्षेत्राच्या कलमात खासगी घरासाठी एक बचाव आहे: सगळं घराच्या आत झालं, सतरा वर्षांचं किंवा त्याहून लहान कोणी हजर नव्हतं, आणि नफ्यासाठी नव्हतं. वजनकाटा आणि रोकड असताना तिसरी अट कशी पार करायची ते मला कोणी सांगावं.

एका बाबतीत मात्र स्टेट कोर्ट आरोपीला फेडरलपेक्षा खरोखर बरं, आणि ती म्हणजे झडती. वॉरंटचा अर्ज मिळाला की मी पहिल्यांदा शोधतो ‘कचरा’ हा शब्द. पोलिसांची जुनी रीत आहे, रस्त्याकडेला ठेवलेली कचऱ्याची पिशवी उचलायची, त्यातले कोपरे कापलेले प्लॅस्टिक आणि पावडरचे अंश दाखवून घराचं वॉरंट काढायचं. फेडरल कायद्याने कचऱ्याला संरक्षण नाही, हे १९८८ सालीच ठरलं. पण न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने १९९० साली हेम्पेल खटल्यात राज्याच्या घटनेच्या आधारे उलट ठरवलं: इथे बंद पिशवीत हात घालायलाही वॉरंट हवं. तसंच, वॉरंट सदोष निघालं पण पोलिसांनी प्रामाणिकपणे पाळलं, तर फेडरलमध्ये पुरावा टिकतो, न्यू जर्सीत नाही. आता गंमत बघा. टाउनच्या पोलिसाने वॉरंटशिवाय कचरा उचलला, त्यावर घराचं वॉरंट काढलं. स्टेट कोर्टात ही केस मी कदाचित मोडून काढेन. हीच केस नेवार्कला गेली की तिथे फेडरल मोजपट्टी लागते आणि तोच पुरावा आरामात आत येतो. स्टेटची केस कच्ची आहे म्हणूनही फाइल फेडरलकडे जाऊ शकते, ती अशी.

जामिनाचं थोडक्यात: न्यू जर्सीत २०१७पासून पैसे भरून सुटण्याची पद्धत जवळजवळ संपली. प्रॉसिक्यूटरने डांबून ठेवण्याचा अर्ज केला तर सुनावणी होते, नाहीतर अटींवर माणूस बाहेर येतो. फेडरलमध्ये दहा वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या ड्रग गुन्ह्यात आत ठेवावं असंच गृहीतक असतं आणि ते खोडायचं ओझं आपल्यावर. तिथे मामा-मामींसारखी नोकरीधंद्यात स्थिरावलेली माणसं कोर्टात येऊन बसणं याला फार वजन असतं. फक्त त्याच घरात परत पाठवा म्हणू नका, जिथे माल सापडला.

आता ‘जाऊन खरं सांगून टाकू का?’ नाही. तुमच्या सचोटीवर शंका नाही, पण तुम्ही साक्षीदार आहात की आरोपी हे अजून कुणी ठरवलेलं नाही. जागेच्या त्या कलमात मालक, भाडेकरू, जागा सांभाळणारा, सगळे येतात. तुम्हाला खरंच माहीत नव्हतं, तर तुम्ही गुन्हेगार नाही. पण मामा, रात्री दोनला बेसमेंटच्या बाजूच्या दाराने माणसं यायची-जायची, नोकरी नसलेला भाचा महिन्याला हजार डॉलर रोख हातावर ठेवायचा, आणि तुम्ही कधी विचारलं नाही, तर प्रॉसिक्यूटर म्हणेल की यांनी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं होतं. मुद्दाम न बघणं हे फेडरल कायद्यात माहीत असण्याच्या बरोबरीचं धरतात. शिवाय फेडरल एजंटपुढे शपथ न घेता, तुमच्याच किचनमध्ये चहा पिताना बोललेलं महत्त्वाचं खोटं हाही पाच वर्षांचा वेगळा गुन्हा आहे. भाच्याला वाचवायला ‘तो फार कमी घरी असायचा’ असं एक वाक्य बोललात आणि फोनच्या लोकेशनने ते खोटं पाडलं, तर एकाचे दोन आरोपी होतील. एजंट आले तर त्यांचं कार्ड घ्या आणि म्हणा, वकिलाशी बोलून कळवतो. तुमचा वकील वेगळा, भाच्याचा वेगळा. एकच वकील दोघांना स्वस्तात पडेल हा विचार सोडा, उद्या तुमचं हित एकमेकांच्या विरुद्ध जाऊ शकतं.

आणि तुरुंगातून येणारे फोन. सगळे रेकॉर्ड होतात, हे सुरुवातीला ऐकवतातही. तरी आपल्याकडे असा समज की मराठीत बोललं की कुणाला कळणार नाही. एका केसमध्ये आईने विचारलं होतं, ‘अरे, माळ्यावरच्या त्या लाडवाच्या डब्याचं काय करू?’ सहा महिन्यांनी तेच वाक्य इंग्रजी भाषांतरासकट प्रॉसिक्यूटरच्या कागदांत समोर आलं, लाडू या शब्दाखाली रेघ मारून. मराठी दुभाषे फेडरल सरकारलाही मिळतात. फोनवर जेवलास का, झोपलास का, एवढंच. आणि घरातली कुठलीही वस्तू, मेसेज, कॅमेऱ्याचं फुटेज काढून टाकू नका. ते पुसणं हा ड्रगपेक्षा सोपा सिद्ध होणारा गुन्हा आहे.

घराबद्दल. जप्ती दोन प्रकारची: रोख, गाडी यांसारख्या वस्तूंची, आणि जमीन-घराची. रोख रकमेबद्दल पत्र येतं, त्यावर हक्क सांगायची शेवटची तारीख छापलेली असते, पत्र पाठवल्यापासून पस्तीस दिवस तरी मिळतात. ती चुकली की पैसे जजपर्यंत न जाता सरकारजमा होतात. पाकिटावर सरकारी शिक्का बघून ड्रॉवरमध्ये टाकू नका. घर मात्र पत्राने जात नाही. फेडरल सरकारला कोर्टातच खटला भरावा लागतो, आणि साधारणपणे त्याआधी तुम्हाला बाहेर काढता येत नाही. रजिस्ट्रीत नोटीस मात्र लागू शकते, मग विकणं किंवा रिफायनान्स अडतं. तुमचा बचाव ‘निर्दोष मालक’ हा, २०००च्या सुधारणा कायद्यातला: मला माहीत नव्हतं, किंवा कळल्यावर जे वाजवी होतं ते सगळं केलं, म्हणजे पोलिसांना कळवलं आणि त्या माणसाची परवानगी काढून घेतली. सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. आणि ‘कळल्यावर’ हा शब्द आजपासून तुम्हाला लागू आहे. भाचा बाहेर आला आणि पुन्हा त्याच बेसमेंटमध्ये राहिला, पुन्हा काही सापडलं, तर दुसऱ्यांदा माहीत नव्हतं म्हणता येणार नाही.

ग्रीन कार्डचं मी शेवटी ठेवलं, खरं म्हणजे ते पहिलं असायला हवं. ड्रग विकल्याबद्दल दोषी ठरला तर तो स्टेटच्या कोर्टात की फेडरलच्या, इमिग्रेशनला फरक पडत नाही, आणि प्रमाणानेही जवळजवळ पडत नाही. ‘अॅग्रव्हेटेड फेलनी’, म्हणजे इमिग्रेशनच्या लेखी सगळ्यात गंभीर वर्गातला गुन्हा, ठरते आणि डिपोर्टेशन थांबवायचे नेहमीचे मार्ग संपतात. चाळीसहून जास्त वर्षं इथे राहिलेल्या, व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेकडून लढलेल्या जोस पडिलांवर हीच पाळी आली होती. त्यांच्या खटल्यामुळेच २०१० साली ठरलं की प्ली करण्याआधी इमिग्रेशनचा परिणाम समजावून सांगणं हे वकिलाचं कर्तव्य आहे. यात एक गोड दिसणारा सापळा आहे. स्टेटमध्ये ‘रिकव्हरी कोर्ट’ची ऑफर आली की घरचे खूश होतात, तुरुंगाऐवजी उपचार. पण त्यासाठी आधी गुन्हा कबूल करावा लागतो, आणि स्टेटने पुढे रेकॉर्ड पुसलं तरी इमिग्रेशनच्या लेखी ती कबुली दोषसिद्धीच राहते. सही करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाने तो कागद वाचलेला असलाच पाहिजे.

आजींना भेटायला जाण्याचं: फेडरलमध्ये सुटका झाली तर पासपोर्ट बहुधा कोर्टाकडे जमा असेल, त्यामुळे प्रश्नच मिटला. स्टेटमध्ये समजा पासपोर्ट हातात राहिला आणि जजने परवानगीही दिली, तरी पाठवू नका. परत येताना विमानतळावर ग्रीन कार्डवाल्याला अशा परिस्थितीत नव्याने प्रवेश मागणारा धरता येतं, आणि ड्रगचा व्यापार केल्याचं ‘मानायला कारण आहे’ एवढ्यावर प्रवेश नाकारता येतो, त्याला शिक्षा व्हावी लागत नाही. आजींशी व्हिडिओ कॉल करा, मामांच्या फोनवरून, आणि केसचा विषय काढू नका.